खर्ऱ्याची ‘परंपरा’ किती जुनी? मार्कंड्याच्या काठावरचा एक हिशेब

१/ गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात वैनगंगा जेथे उत्तरेकडे वळते, तेथे मार्कंडा वसले आहे. मार्कंडेश्वराचा मंदिरसमूह साधारणतः दहाव्या-अकराव्या शतकांतला. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३-७४च्या दौऱ्यात त्याची नोंद घेतली. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते.

२/ या मुलखात पानठेल्यावर हटकून मिळणारी वस्तू म्हणजे खर्रा : सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून पन्नीत बांधलेले मिश्रण. त्याचे समर्थन ठरलेले असते. आजा खात होता, बाप खातो. ही तर आपली जुनी चाल. हे समर्थन इतिहासाच्या कसोटीवर लावून पाहण्याजोगे आहे.

३/ सुपारी खरोखरच जुनी. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या ‘मानसोल्लासा’त तांबूलाला राजभोगांत स्थान आहे. पान, सुपारी, चुना, सुगंधी द्रव्ये, सारे तेथे आहे. तंबाखू मात्र नाही. ती असणे शक्यच नव्हते, कारण ती वनस्पती तेव्हा अमेरिका खंडाबाहेर पोहोचलीच नव्हती. मार्कंड्याची शिल्पे घडवणाऱ्या हातांनी कधी तंबाखू मळली नाही.

४/ सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमागोमाग ती भारतात आली. अकबराचा दूत असदबेग १६०४च्या सुमारास विजापूरहून परतला, तेव्हा त्याने तंबाखू आणि ती ओढण्याची रत्नजडित नळी आग्र्याच्या दरबारात सादर केली. हकिमाने हरकत घेतली : या वस्तूचा आपल्या ग्रंथांत उल्लेख नाही. असदबेगाने आपल्या वृत्तान्तात स्वतःचे उत्तर नोंदवले आहे. त्याचा आशय असा, की प्रत्येक चाल कधीतरी नवीनच असते.

५/ अकबराने ती चाखून सोडली. सरदारांनी मात्र उचलली. १६१७मध्ये जहांगिराने तंबाखूवर बंदी घातली, तीही फार काळ टिकली नाही. येथे एक विसंगती ध्यानात यावी. दरबारात शिरताना तंबाखूचे समर्थन ‘ही नवी आहे’ म्हणून झाले; आज तिचेच समर्थन ‘ही जुनी आहे’ म्हणून होते.

६/ दोन्ही वनस्पतींचे सामर्थ्य त्यांच्या अल्कलॉइडांत आहे. १८२८मध्ये हायडेलबर्ग येथे पॉसेल्ट आणि राइमान यांनी तंबाखूतून निकोटीन वेगळे केले. त्याचेच भावंड अ‍ॅनाबेसीन; तेही तंबाखूत अल्प प्रमाणात असते, आणि सोव्हिएत संघात ते कीटकनाशक म्हणून वापरले जाई. पाने कुरतडणाऱ्या किडीपासून रोपाचे रक्षण करणे, हेच या विषांचे मूळ काम. सुपारीतील अ‍ॅरेकोलीनही याच गोत्रातले मानावे असे. कुत्र्यांच्या पोटातील पट्टकृमी पाडण्यासाठी ते पूर्वी देत असत. निकोटीन मज्जासंस्थेतील ज्या ग्राहींना चिकटते, त्यांवर अ‍ॅरेकोलीनचाही काही अंशी परिणाम होतो.

७/ चुना या दोघांना वाट करून देतो. त्याच्या क्षारतेमुळे निकोटीन मुक्त रूपात येते आणि गालाच्या अस्तरातून झपाट्याने रक्तात उतरते. सुपारीमुळे तेच अस्तर हळूहळू ताठर होते; पुढे तोंड उघडेनासे होते, घास जाईनासा होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारीला, तंबाखू नसली तरीही, मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत गणले. म्हणजे खर्ऱ्यातील जुना घटकही निर्दोष नाही. जुनेपणा हा निरुपद्रवीपणाचा दाखला होत नाही.

८/ महाराष्ट्रात २०१२मध्ये गुटख्यावर बंदी आली. गडचिरोलीत २०१६पासून ‘मुक्तिपथ’ हे अभियान दारू आणि तंबाखूविरुद्ध गावोगाव काम करते आहे. मोह-तेंदूच्या या वनप्रदेशात सुपारी पिकत नाही. ती किनारपट्टीकडून येते. मजुरीतला पैसा त्या वाटेने बाहेर जातो आणि आजार तेवढा घरात राहतो.

९/ मार्कंड्याचे नाव ज्या मार्कंडेयावरून पडले, तो कथेत अवघा सोळा वर्षांचा आहे. आयुष्य संपल्याचे सांगत यम आला, तेव्हा त्याने शिवलिंगाला मिठी मारली आणि तो वाचला. या भूमीची खरोखरीची जुनी परंपरा ती कथा आहे. त्याच वयाचा मुलगा यात्रेत पन्नी सोडू लागला, तर त्याला ‘चाल’ कोणती आणि किती जुनी, हे सांगणारे कोणीतरी शेजारी असावे.