फॉरमॅट नको

१ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी
मशीन जोडून झालं. दादाच्या मुलानं प्रोसेसरवर पेस्ट लावली, वायरी मी. भाग सगळे नवे, इंदूरहून आणलेले. डिस्क तेवढी जुनी. पूजेत यंदा कात्री-सुरीशेजारी पेचकस.
बटण दाबलं. पंखे फिरले, बोर्डाचा लोगो आला. मग काळा पडदा, वर एकच ओळ: बूट डिव्हाइस सापडत नाही.

२ ऑक्टोबर, दसरा
महाकालाची पालखी वर्षातून आजच पूल ओलांडून फ्रीगंजात येते, दसरा मैदानावर शमीपूजनाला. रस्ता फुललेला. बाबा गॅलरीत खुर्ची टाकून बसले. मी सोनं दिलं, पाया पडले. डिस्कवर अडकलेल्या कुलवृत्तांताचं त्यांनी विचारलं नाही. दिवाळीआधी छापायला द्यायचाय. विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

३ ऑक्टोबर
बायोसमध्ये डिस्क दिसते. नाव, क्षमता, सगळं बरोबर. बूटच्या यादीत मात्र नाही. म्हणजे केबल ठीक, डिस्क जिवंत. तरी रॅमच्या पट्ट्या एकेक काढून पाहिल्या. तेच.

४ ऑक्टोबर
टॉवर चौकाकडच्या एका दुकानात नेलं. "मैडम, फॉर्मेट मार देते हैं, आधे घंटे का काम है." उचलून परत आणलं. त्या डिस्कवर शिंद्यांबरोबर माळव्यात आलेल्या पिढीपासून आजवरच्या सगळ्या शाखा आहेत, बाबांनी निवृत्तीनंतर एकेका घरी पत्र घालून जमवलेल्या. कारण कळल्याशिवाय पुसायचं, याला दुरुस्ती का म्हणायचं?

५ ऑक्टोबर
पेनड्राइव्हवरून उबंटू चालवलं, काही इन्स्टॉल न करता. लगेच सुरू झालं. बोर्ड, रॅम, प्रोसेसर सगळे निर्दोष.
डिस्कही उघडली. 'कुलवृत्तांत' फोल्डर जागेवर! फाइल उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरांचा कचरा. मजकूर श्रीलिपीतला, फॉन्ट इथे नाही. पोटात गोळा आला, पण फाइल शाबूत आहे. बाबांना पडदा दाखवला नाही.
एफडिस्कनं मांडणी सांगितली: डॉस. म्हणजे एमबीआर.

६ ऑक्टोबर, कोजागिरी
दूध आटवता आटवता डोक्यात तेच. मूळ मशीन २०१२चं. विंडोज ७ होतं, त्यावरच १० चढवलं. पुढे एसएसडी घेतली तेव्हा सगळं जसंच्या तसं उतरवलं. मांडणी जुनीच राहिली. जुना बायोस डिस्कचा पहिला सेक्टर वाचायचा, ५१२ बाइट, आणि तिथून पुढे निघायचा. नवा बोर्ड यूईएफआयवाला. तो ईएफआय नावाचं छोटं फॅट३२ पार्टिशन शोधतो, त्यातली बूटची फाइल चालवतो. आमच्या डिस्कवर ते नाहीच. घर तेच, दार दुसऱ्या गल्लीत.
गच्चीवर चंद्र छान होता. बाबांनी दोन पेले दूध घेतलं.

७ ऑक्टोबर
सीएसएम चालू केलं की जुन्या पद्धतीनं बूट होतं. पण तो पर्याय करडा, दाबलाच जात नाही. भाचा म्हणतो, "आत्या, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही ना आपलं. प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर नव्या बोर्डांत सीएसएम मिळत नाही." कार्ड विकत घ्यायचं? फक्त जुनं दार उघडायला? नाही. डिस्कच बदलायची, मांडणीपुरती.

९ ऑक्टोबर
आधी आख्ख्या डिस्कची प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर. रात्रभर. लाइट गेली नाही, नशीब.

१० ऑक्टोबर
विंडोजच्या पेनड्राइव्हवरून बूट, शिफ्ट-एफ१०, काळी खिडकी. जुनी एमबीआर मांडणी नव्या जीपीटीत बदलणारं एमबीआरटूजीपीटी, आधी नुसती तपासणी. नापास.
प्रायमरी पार्टिशनं जास्तीत जास्त तीन चालतात. आमची चार: सिस्टिम, सी, डी, रिकव्हरी. डीवर फोटो. प्रतिमेत ते आहेतच, तरी वेगळे उतरवले, उघडून पाहिले. आईच्या साठीचे सगळे आहेत. मग डी काढला.

११ ऑक्टोबर
तपासणी पास. कन्व्हर्ट. काही ओळी सरकल्या, यशस्वी म्हणाल्या. बूटच्या यादीत नवी नोंद: विंडोज बूट मॅनेजर.
'उपकरणे तयार होत आहेत' बराच वेळ. पुन्हा रिस्टार्ट. मग आमचा जुना वॉलपेपर, रामघाटाचा.
बाबांना हाक मारली. त्यांनी चष्मा पुसला, फाइल स्वतः उघडली. मराठी! पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. मला रडू आलं. ते म्हणाले, "बाळ, मार्जिन सरकलंय बघ."

१२ ऑक्टोबर
विंडोज ॲक्टिव्हेशन मागतंय. नवा बोर्ड म्हणजे त्याच्या लेखी नवं मशीन. मार्जिन लावलं.

१४ ऑक्टोबर
विंडोज १०चे नेहमीचे अपडेट आजपासून बंद. ११ला टीपीएम २.० लागतं, ते या बोर्डात आहे, सिक्युअर बूटही. आता मांडणी जीपीटी, त्यामुळे वाट मोकळी. तरी पुस्तक छापायला गेल्याशिवाय हात लावणार नाही. तोवर हे मशीन इंटरनेटला जोडायचं नाही, भाच्याला सांगून ठेवलंय.
संध्याकाळी बाबा शेजारी बसले. मुलींची नावं सासरच्या गावांसकट घालायची म्हणतात, त्यांच्या मुलांसकट. जुन्या वृत्तांतांत मुलगी लग्नापाशीच संपते, ते त्यांना पटत नाही. देवासची शाखा आज झाली. उद्या धारची.