आजीचा चेहरा आणि उद्याचा कॅमेरा

मुलांनो, परवा वर्गात फळ्यावर गणित घालत होते. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, आम्ही मोठे होऊ तेव्हा सिनेमाचे कॅमेरे कसे असतील हो?" गणित राहिलं बाजूलाच! मला एकदम माझी आजी आठवली.

आजीचा आणि कॅमेऱ्याचा काय संबंध? सांगते.

२०१२ सालची गोष्ट. गावी लग्नाची हळद होती. आजी जात्यावर बसून ओव्या म्हणत होती. नेमकी वीज गेलेली. कोपऱ्यात कंदील तेवढा होता. मी माझ्या मोबाइलवर तिचं चित्रण केलं. आवाज छान आला. पण चित्रात नुसत्या काळ्या-करड्या मुंग्या! आता आजी नाही. ओव्या ऐकू येतात, पण त्या म्हणतानाचा तिचा चेहरा कुठेच नाही.

असं का झालं? डिजिटल कॅमेऱ्यात फिल्म नसते, सेन्सर असतो. त्यावर लाखो बारीक कप्पे असतात. पावसात अंगणभर वाट्या मांडून ठेवाव्यात ना, तसे हे कप्पे प्रकाश गोळा करतात. 'फोर-के' सिनेमाच्या एका चित्रात सुमारे ८८ लाख ठिपके असतात आणि सेकंदाला अशी २४ चित्रं लागतात. अंधारात वाटीत दोन-चार थेंबच पडतात. मग कॅमेरा ते फुगवून दाखवतो, पण त्यांच्याबरोबर चुकाही फुगतात. त्याच त्या मुंग्या!

यावर एक उपाय म्हणजे जास्त प्रकाश आत घेणारी मोठी लेन्स. स्टॅनले क्युब्रिक या दिग्दर्शकाने १९७५ सालच्या 'बॅरी लिंडन' या सिनेमात काही प्रसंग चक्क मेणबत्त्यांच्या उजेडात टिपले. त्यासाठी त्याने झाइस कंपनीने 'नासा'साठी बनवलेल्या लेन्स वापरल्या. पण गंमत अशी, की अशा लेन्समधून अगदी थोड्याच अंतरावरचं स्पष्ट दिसतं. नट जरा पुढे-मागे हलला, की चेहरा धूसर झालाच म्हणून समजा!

म्हणून माझी पहिली इच्छा अशी, की उद्याची लेन्स पापडासारखी पातळ असावी, कंदिलाच्या उजेडात तिला दिसावं आणि माणूस हलला तरी चेहरा धूसर होऊ नये. दुसरी इच्छा, कुठलं स्पष्ट दिसावं हे चित्रण झाल्यावरही ठरवता यावं. ही काही जादू नाही बरं का! लिट्रो नावाच्या कंपनीने २०१६ साली असा सिनेमा कॅमेरा आणला होता. पण तो भलताच अवजड होता, आणि २०१८ साली कंपनीही बंद पडली. तो कॅमेरा खिशात मावेल असा कोण करील? कदाचित तुमच्यापैकीच कुणीतरी! आणि तिसरी इच्छा म्हणजे तो स्वस्त असावा, माझ्या वर्गातल्या मुलांना परवडावा.

पण तोवर काय करायचं? वाट बघत बसायचं? दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली इंग्लंडहून कॅमेरा आणला, तो हाताने फिरवायचा होता. त्यांनी काय टिपलं ठाऊक आहे? कुंडीतला वाटाणा! त्याला कोंब कसा फुटतो, रोप कसं वाढतं, हे थोडं थोडं करत कित्येक दिवस चित्रित केलं. पुढल्याच वर्षी, १९१३ साली, त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला.

तेव्हा मुलांनो, एक कराल? घरातल्या मोबाइलवर तुमच्या आजीचं, आजोबांचं बोलणं टिपून ठेवा. गाणं, गोष्ट, काहीही चालेल. फक्त त्यांना खिडकीपाशी, उजेडाकडे तोंड करून बसवा. मी त्या रात्री कंदील उचलून आजीच्या जवळ ठेवला असता, तरी पुरे होतं. ते काही मला सुचलं नाही. तुम्हाला मात्र सुचायला हवं!