पुन्हा ‘बनगरवाडी’

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपाने आली. तिची एक जीर्ण प्रत एका निवृत्त शिक्षकाने दोनदा बांधणी करून जपली आहे. विद्यार्थिदशेत त्याने ती प्रथम वाचली, तेव्हा तीत त्याला कोवळ्या मास्तराची धडपडच दिसली: माणदेशातील धनगरांची वस्ती, ओस शाळा, पोरे गोळा करताना झालेली दमछाक आणि गावाने श्रमून उभारलेली तालीम. शेवटचा दुष्काळ त्याने घाईने उरकला होता. तरुण वाचकाला ओसाडी सोसत नाही.

पुढे त्याच्या स्वतःच्या गावातली शाळा पटाअभावी बंद झाली. त्यानंतरच्या वाचनात तो नेमका त्या पानांशी अडखळला. मेंढरे घेऊन माणसे वाट धरतात, त्यांच्यामागोमाग पोरेही जातात. माडगूळकर तिथे आवाज चढवीत नाहीत, आणि म्हणूनच ते सोसवत नाही.

परवा नातीला वाचून दाखवताना त्याने तालमीपाशीच पुस्तक मिटले. पुढे काय झाले, असे तिने विचारले.

‘उद्या वाचू,’ तो म्हणाला.