चाळीसगावचा टांगा आणि आजची अँब्युलन्स

सात वर्षांपूर्वी माझ्या मावसभावाच्या दुचाकीला रात्री ट्रकने उडवलं. तालुक्याच्या रुग्णालयात जखम बांधली, घशात नळी घातली आणि नागपूरला रेफर केलं. अंतर दीडशे किलोमीटर. मिळाली ती खासगी अँब्युलन्स. मागे बसलेल्या पोराने माझ्या हातात रबरी पिशवी दिली आणि म्हणाला, "ताई, दाबत राहा, थांबू नका." मावशी पुढे ड्रायव्हरजवळ रडत होती. मी तीन तास पिशवी दाबत होते.

भाऊ तिसऱ्या दिवशी गेला. मेंदूला मार मोठा होता. दुसरं काही केलं असतं तर तो वाचला असता, असा माझा दावा नाही. पण पुढे एका प्रथमोपचार शिबिरात तीच पिशवी पुन्हा हातात आली आणि शिकवणाऱ्या सिस्टरने सांगितलं की, मोठ्या माणसाला साधारण पाच-सहा सेकंदांनी एकदा श्वास द्यायचा. घाबरलेला माणूस नेहमी जास्त जलद दाबतो. डोक्याला मार असेल तर जास्त श्वास दिल्याने मेंदूचा रक्तपुरवठा कमी होतो. मी त्या रात्री कसं दाबत होते, ते मला आठवतं. मी माझ्या छातीच्या ठोक्यावर दाबत होते.

हे लिहायला मला सात वर्षं लागली. आता लिहिते आहे, कारण प्रश्न माझ्या एकटीच्या अपराधीपणाचा नाही. समाजशास्त्र शिकलेल्या बाईच्या हातात जीव वाचवायची पिशवी देणारी व्यवस्था कोणती, हा प्रश्न आहे.

बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये 1929 सालचा एक अपघात आहे. चाळीसगाव स्टेशनवर ते उतरले. वस्तीत न्यायला एकही टांगेवाला तयार नव्हता. टांगा भाड्याने देऊ, पण महाराला घेऊन हाकणार नाही, असा त्यांचा पवित्रा. मग आपल्यातल्याच एकाने लगाम हातात घेतला. त्याने आयुष्यात टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या मोरीवर चाक अडलं, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत कोसळले.

आपण ही गोष्ट सांगतो तेव्हा टांगेवाल्यापाशी थांबतो. ते बरोबरच आहे. पण बाबासाहेब तिथेच थांबले नाहीत. पाहुण्याने पायी येऊ नये, त्याचा मान राहावा म्हणून वस्तीने टांगा आणला. मात्र मानापेक्षा त्याची सुरक्षितता मोठी, हे त्यांच्या लक्षात आलं नाही, अशी नोंद त्यांनी करून ठेवली आहे. हाकणाऱ्याची माया शंभर नंबरी होती. कमी होतं ते शिक्षण. त्या रात्री अँब्युलन्समध्ये मी तोच टांगा हाकत होते.

आता आकड्यांकडे बघू. 2022 मध्ये भारतात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं मेली. मरणाऱ्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीस्वारांचा. कामावर जाणारी, उसनी गाडी घेऊन निघालेली, कमावती माणसं. 2019 च्या मोटार वाहन दुरुस्तीने 'गोल्डन अवर' म्हणजे इजा झाल्यानंतरचा एक तास, अशी व्याख्या कायद्यात आणली. चांगलं झालं. पण तालुक्याच्या माणसाचा तो एक तास पहिल्या रुग्णालयातच संपतो. त्यानंतर रेफरचे तीन-चार तास असतात आणि त्या तासांना कायद्यात नाव नाही.

त्या तासांत गाडीच्या मागे काय घडतं? फुप्फुसाबाहेर हवा कोंडली तर सुई घालून ती काढावी लागते, नाहीतर माणूस काही मिनिटांत जातो. मोडलेलं कंबरेचं हाड आवळून बांधावं लागतं, कारण रक्त आत साचत असतं आणि बाहेर थेंब दिसत नाही. अंगावर पांघरूण लागतं, कारण शरीर गार पडलं की रक्त गोठणं बिघडतं आणि स्राव वाढतो. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड नावाचं एक स्वस्त औषध आहे. 40 देशांतल्या 20 हजारांहून अधिक जखमींवर त्याची चाचणी झाली, निष्कर्ष 2010 मध्ये आले. इजेनंतर तीन तासांच्या आत दिलं तर जीव वाचतात, उशिरा दिलं तर नुकसान होऊ शकतं. म्हणजे केव्हा द्यायचं आणि केव्हा नाही, हे ठरवणारा माणूस गाडीत हवा. व्हेंटिलेटरचा आकडा बदलणारा, धावत्या गाडीत खड्ड्यात सरकलेली नळी ओळखणारा माणूस हवा. हे आठवड्याच्या प्रशिक्षणाने येत नाही. पदवीनंतर आयसीयूत, शस्त्रक्रियागृहात, ट्रॉमा वॉर्डात महिनोन् महिने हात घासावा लागतो. पॅरामेडिकचं पदव्युत्तर शिक्षण हवं ते यासाठी.

कोणी म्हणेल, आपल्या महाराष्ट्रात 108 च्या गाडीत डॉक्टर असतो, मग पॅरामेडिकला एवढं शिकवायचं कशाला? 2014 पासून ही सेवा चालू आहे आणि तिने गरिबांचे जीव वाचवले आहेत. पण कोणत्या पदवीवर कोणता शिक्का आहे, यापेक्षा त्या माणसाने हेच काम किती वेळा, कोणाच्या देखरेखीखाली केलं, हे महत्त्वाचं. आणि जो हेच काम आयुष्यभर करणार आहे, त्याला वर चढायला पायरी नको का?

आमच्या वस्तीतला एक मुलगा इमर्जन्सीची पदवी घेऊन अँब्युलन्सवर लागला. विहारातल्या अभ्यासिकेत संध्याकाळी येतो. पुढे शिकायचं म्हणून त्याने चौकशी केली. एका ठिकाणी प्रवेश फक्त डॉक्टरांना होता. दुसऱ्या ठिकाणची फी त्याच्या वर्षभराच्या पगाराहून जास्त होती. मला म्हणाला, "ताई, पेशंट उचलायला आम्ही चालतो, शिकायला नाही चालत." मी त्याला आकडेवारी सांगणार होते, गप्प बसले.

पण एक इशाराही देते. शिडी म्हणून आणलेली पदवी कुंपण बनू शकते. अमेरिकेत पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्ट या काळ्या वस्तीत 1967 मध्ये 'फ्रीडम हाऊस' ही अँब्युलन्स सेवा उभी राहिली. तोवर तिथे आजाऱ्याला पोलिसांच्या गाडीत टाकून न्यायचे. डॉ. पीटर सफार यांनी ज्यांना शहर बेकार आणि निरुपयोगी समजत होतं, त्या काळ्या तरुणांना सुमारे 300 तासांचं प्रशिक्षण दिलं. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी त्यांना आणखी वरचं शिकवलं. आजच्या पॅरामेडिक शिक्षणाचा पाया ज्या थोड्या ठिकाणी घातला गेला, त्यांत ही वस्ती आहे. 1975 मध्ये शहराने स्वतःची सेवा काढली आणि फ्रीडम हाऊस बंद केलं. अनुभवी काळ्या पॅरामेडिकांना नव्या परीक्षा लावल्या, कमी अनुभवी गोऱ्यांच्या हाताखाली ठेवलं. बहुतेकांना हळूहळू बाहेर पडावं लागलं. ज्यांनी काम उभं केलं, त्यांनाच 'पात्रता' दाखवून हाकललं.

आपल्याकडे 2021 मध्ये सहयोगी आरोग्य व्यवसायांचा राष्ट्रीय आयोग स्थापन करणारा कायदा झाला आणि त्यात पॅरामेडिकला व्यवसाय म्हणून जागा मिळाली. नियम आता घडताहेत. म्हणून बोलायची वेळ आताच आहे. हे पदव्युत्तर अभ्यासक्रम शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत सुरू व्हावेत. त्यांत घटनात्मक आरक्षण असावं. अँब्युलन्सवर काढलेली वर्षं प्रवेशासाठी मोजली जावीत. निवासी डॉक्टरांना विद्यावेतन मिळतं, तसं यांनाही मिळावं. कारण घर चालवणारा मुलगा दोन वर्षं बिनपगारी शिकू शकत नाही. आणि शिकून आल्यावर पद आणि पगार जुनाच राहिला, तर त्या पदवीचा उपयोग भिंतीवर टांगण्यापुरताच.

आपल्या चळवळीत शिक्षण म्हटलं की डोळ्यांसमोर कलेक्टर येतो, वकील, प्राध्यापक येतो. यायलाच हवा. पण रात्री दोन वाजता हायवेवर आपल्या माणसाच्या नळीतून हवा जाते की नाही, हे बघणारा माणूसही आपल्याला घडवायचा आहे. त्याची जात, जखमीची जात कोणीही विचारू नये. त्याला काम येतं का, एवढंच विचारावं.

त्या मुलाने मला पिशवी पुन्हा शिकवली. मनात एक, दोन, तीन, चार, पाच मोजायचं, मग दाबायचं. मी विहारात महिला मंडळालाही शिकवते. पण मला माहीत आहे, हे काम माझं नाही. ते ज्याचं आहे, त्याला शिकू द्या.

जय भीम!