एका हप्त्याचा उशीर

घरकर्जासाठी पगाराच्या स्लिपा, आयकराची विवरणपत्रं असं सगळं फाईलला लावून मी बँकेत गेले होते. साहेब संगणकाकडे बघत म्हणाले, "मॅडम, तुमच्या स्कूटरच्या कर्जात सहा महिने उशीर दिसतोय. आधी सिबिल नीट बघून घ्या." मला धक्काच बसला. नोकरी बदलली, पगार नव्या खात्यात जमा व्हायला लागला आणि जूनमध्ये जुन्या खात्यात पैसे टाकायचे राहून गेले, त्यामुळे एक हप्ता चुकला होता. एकच. मग सहा महिने आले कुठून? विचारायचं धाडस झालं नाही. फाईल घेऊन मी घरी आले.

रात्री मोबाईल घेऊन बसले. सिबिल हा बँकेतला एखादा विभाग असेल, अशी माझी समजूत होती. ती वेगळी कंपनी निघाली. कोण किती कर्ज घेतं आणि कसं फेडतं, याची नोंद ठेवणाऱ्या अशा चार कंपन्या आपल्याकडे आहेत आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. आपणच आपला अहवाल उघडला तर गुण कमी होतील, या भीतीने मी तासभर बटण दाबलं नाही. तसं काही होत नाही, हे नंतर कळलं. गुण ३०० ते ९०० च्या दरम्यान देतात. माझे ६९८ होते. शाळेत कधी सत्तरच्या खाली आले नव्हते, म्हणून तो आकडा फार लागला.

अहवालात महिन्यांचा एक तक्ता होता. प्रत्येक महिन्याखाली तीन आकडे आणि शेजारी 'डेज पास्ट ड्यू'. मी त्याचं मराठी केलं, 'मुदत उलटून गेलेले दिवस'. ००० म्हणजे काही थकलेलं नाही. एका महिन्याखाली तीन फुल्या दिसल्या तेव्हा पोटात गोळा आला. त्या महिन्याची माहितीच कळवलेली नाही, एवढाच त्यांचा अर्थ होता. खरी अडचण पुढे होती. जून ०२५, जुलै ०२६, ऑगस्ट ०२६, सप्टेंबर ०२५, ऑक्टोबर ०२६. आणि नोव्हेंबर पुन्हा ०२५.

माझे दीर पतसंस्थेत वसुलीचं काम बघतात. त्यांच्यापुढे कागद ठेवला. "वहिनी, जुलैत तुम्ही भरलेले पैसे जुलैचे धरलेच नाहीत," ते म्हणाले. "ते आधी जूनच्या थकबाकीत गेले. मग जुलैचा हप्ता राहिला. तो ऑगस्टच्या पैशातून भागला आणि ऑगस्टचा राहिला." हप्त्याची तारीख ५. महिनाअखेरीस मोजले की दर वेळी २५-२६ दिवस भरतात. दरमहा वेळेवर पैसे भरूनही मी दरमहा एक हप्ता मागे होते. तो एक जास्तीचा हप्ता जुलैतच भरला असता, तर एवढ्यावर निभावलं असतं. मधल्या काळात अनोळखी नंबरवरून आलेले फोन मी उचलले नव्हते, तेही तेव्हा आठवलं.

पण नोव्हेंबरचं काय? १० नोव्हेंबरला मी शाखेत जाऊन सगळी थकबाकी दंडासकट भरली होती. पावती साडीच्या कपाटात सापडली. म्हणजे ती नोंद चूक होती. त्यासाठी 'डिस्प्यूट' नोंदवायचा असतो. वाद म्हटल्यावर कोर्टकचेरी आठवून मी दोन दिवस थांबले. प्रत्यक्षात तो एक साधा ऑनलाईन अर्ज होता. सिबिल स्वतःहून आकडा बदलत नाही, ज्यांनी कर्ज दिलं त्यांच्याकडून खात्री करून घेतं. म्हणून पावतीची प्रत त्यांनाही पाठवली. हे सगळं ३० दिवसांत व्हावं लागतं. त्यापुढे तक्रारदाराला रोजचे १०० रुपये भरपाई द्यावी लागते. तेविसाव्या दिवशी नोव्हेंबरखाली ००० आलं.

उरलेले पाच महिनेही पुसावेत म्हणून मी विनंती अर्ज लिहिला. उत्तर आलं, नोंद खरी आहे, बदलता येणार नाही. "पैसे द्या, सिबिल साफ करून देतो," असं सांगणारा एकजण भेटला, त्याला दीरांनी परत पाठवलं. खरी नोंद कोणीच पुसू शकत नाही. पण तक्ता ३६ महिन्यांचाच असतो आणि नवा महिना जुन्यांना पुढे ढकलतो. आता महिन्याच्या १ तारखेलाच मी जुन्या खात्यात दोन हप्त्यांएवढे पैसे ठेवते. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी: ०००, ०००, ०००. ही तीन शून्यं मी स्वतः मिळवलेली आहेत. घरकर्जाची फाईल मी अजून सोडलेली नाही.