उरलेलं खाद्य कुणी मोजलं?

शतावरी म्हटलं की आमच्या यवतमाळात बाळंतिणीचा कल्प आठवतो; तिने गर्भाला काही अपाय होईल असं कुणाच्या मनातही येत नाही. मी मात्र दुसऱ्या टोकाला होते. 2006 साली ‘इंडियन जर्नल ऑफ एक्स्पेरिमेंटल बायॉलॉजी’त आलेला निबंध मी वाचला होता. शतावरीच्या मुळांचा मिथेनॉलमधला अर्क दिल्यावर उंदरांचे गर्भ जिरले, काहींची वाढ खुंटली, असं त्यात होतं. एम.फार्म.ला तेच पाण्यातल्या काढ्यावर करायचं ठरवलं. निकाल मनाशी आधीच पक्का होता.

मुळं पांढरकवड्याच्या बाजारातून घेतली. वाळक्या मुळांना ना पान, ना फूल. वनस्पतिशास्त्राच्या सरांकडे गेले तेव्हा नुसती पूड उरली होती. सर म्हणाले, “आता हिच्याच तोंडून हिचं नाव वदवून घेऊ का?”

उंदरांचं काम मात्र मी मन लावून केलं. रात्री नर-मादी एका पिंजऱ्यात, सकाळी मादीचा स्मिअर मायक्रोस्कोपखाली. शुक्रजंतू दिसले की तो शून्य दिवस. सहाव्या दिवसापासून रोज नळीने काढा पाजायचा. विसाव्या दिवशी मादी मारून गर्भ काढायचे, वजन करायचं, पोटॅशमध्ये मांस पारदर्शक करून अ‍ॅलिझरिनने हाडं लाल रंगवायची. काढ्याच्या गटातले गर्भ हलके निघाले, छातीच्या हाडातले मागचे ठिपके रंगलेच नव्हते. मी प्रबंधात ठोकून दिलं: शतावरी गर्भाला घातक.

व्हायव्हात बाहेरून आलेल्या मॅडमनी विचारलं, “या माद्या खात किती होत्या?”

रोज खाद्य भरत होते आणि उरलेलं झाडून टाकत होते. तोलून कधी बघितलंच नव्हतं. गाभण मादीने पोटभर खाल्लं नाही तरी पिल्लू हलकं राहतं, हाडं उशिरा भरतात. घट्ट काढा रोज पोटात गेल्यावर तिला भूक कुठून लागणार? तुलनेच्या गटालाही त्याच नळीने तेवढंच पाणी पाजायला हवं होतं. वेळ वाचवायला मी त्या माद्यांना हातच लावला नव्हता. त्यात मे महिना. खोली 22 अंशांच्या आसपास हवी, इथे लाइट गेली की कूलर बंद, आणि काढ्याचे पिंजरे नेमके पश्चिमेच्या खिडकीशी. उष्म्यानेही गर्भ बिघडतो, हे मला पाठ होतं!

शिवाय प्राणी एकच. थॅलिडोमाइडने येणारी व्यंगं उंदरांत सहसा दिसत नाहीत, सशांत दिसतात. म्हणून नवं औषध दोन जातींवर तपासतात. ससे परवडत नव्हते हे खरं, पण तसं लिहायला काय पैसे पडत होते?

प्रबंधातलं ‘शतावरी गर्भाला घातक’ हे वाक्य मग ‘या मात्रेला गर्भाचं वजन घटलं, कारण निश्चित सांगता येत नाही’ असं करून दिलं. पदवी मिळाली. पण त्याआधीच मी गरोदर वहिनीचा शतावरी कल्प बंद करायला लावला होता. खात्री नसताना गरोदरपणी काही न घेणं बरंच, त्याबद्दल तक्रार नाही. आईने कारण विचारलं तेव्हा मात्र मी ‘प्रयोगात सिद्ध झालंय’ म्हणून सांगितलं, आणि आईने ते माझ्या नावानिशी गल्लीभर केलं.