पाण्याचें एक नांव

माझी पुतणी आफ्रिकेंतील मलावी देशांत डॉक्टर आहे. सुटींत ती लिलाँग्वेहून मोटारीनें मलावी सरोवराच्या कांठीं केप मॅक्लिअर येथें जाणार, असें कळतांच ‘स्नान अवश्य कर’ म्हणून मीं लिहिलें. १९८० पासून तेथें मुख्यतः माशांच्या रक्षणासाठीं राष्ट्रीय उद्यान आहे.

तिचें उत्तर आलें : ‘काका, येथील गोगलगाईंतून निघणारे कृमि त्वचेंतून शरीरांत शिरतात, मग मुलांच्या लघवींतून रक्त जातें. गोगलगाई खाणारे मासे उद्यानाबाहेर बेसुमार पकडले गेले, तसा रोग बळावला. अशीं मुलें मी नेहमीं तपासतें. पाण्यांत डुंबणारीं पोरें पाहून सुटी गोड लागेना.’

अमरकोशांत ‘जीवन’ हें पाण्याचें एक नांव, असें मीं जन्मभर शिकविलें. तें नांव सार्थ ठेवणारे मासे असतात, हें मात्र पुतणीकडून शिकलों.